पिवळे अंगठे

वसमतच्या मोंढ्यात हळद आली, की
आमच्या वाचनालयात शिंका वाढतात.
खिडकी मोंढ्याच्या भिंतीला लागून.
लावून घेतली तर उकडतं,
उघडी ठेवली तर संध्याकाळपर्यंत
कादंबऱ्यांच्या कपाटावर बोटानं नाव लिहिता येतं.

मी इथली ग्रंथपाल.
शिपाई पण मीच, आणि
पंख्याचा कॅपॅसिटर बदलणारीही.
वर्ग 'क'. अनुदान वर्षातून दोनदा,
म्हणजे कागदावर दोनदा.
पेपरवाला मन्मथ उधारी मागत नाही,
रद्दी कधी काढता, एवढंच विचारतो.
बाकीचे विचारतात, आता कोण वाचतंय?
विचारणाऱ्याची वर्गणी तीन वर्षं थकलेली असते.

गेल्या चैत्रात मैनोद्दीन हमालानं
एक जाड पुस्तक नेलं.
विहीर खणणाऱ्या वडारांची गोष्ट.
सात दिवसांची मुदत तीनदा वाढवून घेतली,
चौथ्यांदा आलाच नाही.
मग दुपारी मीच गेले, दंडाची पावती घेऊन.
चार रुपये.

शेड नंबर तीन. काटा बंद, जेवणं झालेली.
पोत्यांच्या थप्पीला टेकून मैनोद्दीन वाचत होता,
मोठ्यानं,
जोडाक्षर आलं की थांबून,
जसं पोतं पाठीवर घेताना
आधी पाय रोवतात.
भोवती अकरा जण. मोजले मी.
प्रयागबाई हळकुंडं निवडता निवडता म्हणाली,
"थांब रे. परत म्हण.
दोर कुणी कापला?"
तो एक पान मागं गेला.

पावती पर्समध्येच राहिली.
मी बसले, बारावी.

जूनमध्ये मोंढा रिकामा, आणि तपासणी आली.
साहेबांनी रजिस्टर उघडलं.
दाखल क्रमांक दोन हजार एकशे सतरा.
"तीन महिन्यांत वाचक एकच?"
म्हटलं, तेरा. मला धरून.
"नोंद कुठंय?"

नोंद पुस्तकात होती. काढून दिलं.
पान एकोणीस : पिवळा अंगठा, रुंद.
पान चाळीस : दोन बारीक बोटं.
ती प्रयागबाईची असावीत. तिला अक्षर येत नाही,
पण तिथं विहिरीचं चित्र आहे.
पान ब्याण्णव : ठेच्याचं तेल.
एकशे एकवर कुणीतरी पोत्यांची बेरीज मांडलीय,
चुकलेली, आणि खोडून बरोबर केलेली.
एकशे त्रेचाळीसपर्यंत हळद.
पुढं पानं पांढरी.

साहेबांच्या डोक्यावर आमचीच पाटी :
'पुस्तके स्वच्छ हातांनी हाताळावीत.'
त्यांनी नाकाला रुमाल लावून शेरा लिहिला :
खराब. बाद करावे.

मी बाद केलं.
म्हणजे यादीत नाव घातलं
आणि पुस्तक माझ्या टेबलाच्या खणात.
संध्याकाळी पाटी उतरवली,
खिळा तेवढा निघाला नाही.
मग फूटपट्टी घेऊन बसले.
छापील रजिस्टरात ऐकणाऱ्यांना रकाना नाही.
लाल पेननं एक रेघ ओढली, जरा तिरकी आली,
वर लिहिलं : ऐकणारे.
खाली कुणाचं नाव नव्हतं.
महिनाभर नव्हतं.

दसऱ्याच्या आधी, वाचनालय बंद करताना
फोन वाजला. निजामाबादहून.
"मॅडम, इकडच्या मोंढ्यात आलोय कामाला.
एक विचारायचं व्हतं.
त्यो मानूस अजून खालीच हाय काय?"

कुलूप परत काढलं.
दिवा लावला, खण ओढला.
एकशे चव्वेचाळीसावं पान आधीच्या पानाला
जरासं चिकटलं होतं,
नखानं सोडवलं.
पलीकडं कुणीतरी खोकलं,
कुणी म्हणालं, स्पीकरवर टाक,
मग सगळे गप्प झाले.

मी रजिस्टर पुढ्यात घेतलं, लाल पेन शोधलं.
विचारलं, किती जण आहात?

"थांबा," मैनोद्दीन म्हणाला,
"मोजतो."