चौकोन

सेकंदाला पंचवीस चित्रं,
आणि प्रत्येकात चेहरा थोडासा सरकलेला.
म्हणून चौकोनालाही सरकावं लागतं त्याच्या मागे,
उन्हात पोरावर पदर धरून चालणाऱ्या बाईसारखं.

बिश्केकमध्ये जानेवारी. कोळशाच्या धुराने
निम्मं शहर आधीच पुसलंय.
उरलेलं मी पुसते, रात्री, हीटरवर पाय ठेवून.

बेगायिमने टिपलं ते साधंच:
नवव्या मजल्यावरचं स्वयंपाकघर, कुणाचा तरी वाढदिवस,
पाच जणं मंती वळतायत,
पारीत कांदा, मटण, आणि
कुणी कुणाच्या पाठीला पिठाचा हात पुसतंय.
एवढंच.
एवढ्यासाठी चौकोन.

आवाज दोन पट्ट्या खाली उतरवला
तेव्हा नुरझात हसून खुर्चीवरून पडायचाच बाकी होता,
"दहा वर्षं मागतोय मी हा आवाज
आणि तुझ्याकडे त्याचं बटण आहे!"
परत परत ऐकला त्याने.
मी जेवून आले, तरी ऐकतच होता.

मग बारा सेकंदांचा तुकडा आम्ही बाहेर सोडला.
चेहरे झाकलेले. खिडकी झाकलेली. फ्रिजवरचं कॅलेंडरसुद्धा.
चौथ्या दिवशी नारिनहून आत्याचा फोन:
"उजवीकडून डावीकडे चुण्या घालणारी
आमच्या घरात एकच मुलगी."

हात राहिले होते.
झाकली मूठ सव्वा लाखाची, खरं आहे,
पण मूठ झाकून कुणी मंती वळलीय का?

नुरझातने घर बदललं, या थंडीत दुसऱ्यांदा.
शिलाई मशीन, दोन पोती, कुंडीतलं लिंबू.
जुन्या जिन्यात कुणीतरी त्याचं जुनं नाव
लाल रंगाने लिहिलेलं,
तेही ऱ्हस्व-दीर्घ चुकवून.

मी हातांवर चौकोन ठेवले.
मग एका अंगठीवर. मग एकीचा खोकला कापला.
शेवटी उरली वाफ,
आणि दाराशी सपातांचे पाच जोड,
त्यातला एक उलटा, डाव्याच्या जागी उजवा.
हाही पुसू का, विचारलं.
बेगायिम म्हणाली, राहू दे. काहीतरी राहू दे गं.

दाखवलं एकदाच, बूटदुरुस्तीच्या दुकानाखालच्या तळघरात.
पत्ता दोन तास आधी, तोंडी.
सगळे फोन एनॅमलच्या घमेल्यात, वर टॉवेल.
पडद्यावर पाच चौकोन जेवत होते
आणि अंधारात कुणीतरी विनोदाच्या आधीच हसलं.

नुरझात उशिरा आला. बर्फाचे बूट न काढताच
प्रोजेक्टरसमोर उभा राहिला, जागा शोधत.
त्याची सावली पडद्यावर: नाक, टोपी, कान,
सगळं रेखीव,
त्याच्याच चौकोनावर.
"बाजूला हो" कुणी म्हटलं नाही.
तोही बराच वेळ हलला नाही.

मूळ फाइल माझ्याकडे आहे.
नाव दिलंय, "लाइटबिलं, जुनी".
कधीमधी उघडते, आवाज बंद करून,
आणि पाचही जण माझ्याकडे बघत चावतात, गिळतात.
आत्ताशा त्यांच्या तोंडावर काही नाही हेच
डोळ्यांना खटकतं.

त्या रात्री निघालो एकेक, दोन-दोन मिनिटांनी.
माझा नंबर सातवा.
जिन्यात घड्याळ बघत थांबले होते
आणि वर, बर्फावर, सहाव्याची पावलं
कुरकुरत लांब चाललेली.
अजून ऐकू येतायत.
अजून.
मग माझी वेळ झाली.