प्रतिवादी क्रमांक एक

सीबीएसकडून येताना कोर्टाचं फाटक लागतं,
त्याच्या डाव्या अंगाला माझं टेबल.
प्रिंटर हप्त्यावर घेतलेला.
पानाला तीस रुपये, घाई असेल तर चाळीस.

हेमलता धात्रक मार्चमध्ये आल्या.
इंदिरानगरला त्यांची रक्त तपासायची लॅब.
कुणीतरी मोबाईलवरून गावभर पसरवलं होतं
की इथे नळ्या उघडतच नाहीत,
आकडे अंदाजाने भरतात.
सहीच्या जागी, 'गोदाकाठचा एक'.

गायधनी वकील सांगत गेले, मी टंकत गेलो.
चारशे नव्व्याण्णवचं तीनशे छप्पन्न झालंय,
बोटांना अजून जुनाच आकडा येतो.
मग दिवाणी दावा. प्रतिवादी क्रमांक एक,
वकील म्हणाले, अशोक कुमार.
समोर चहा गाळणारा अशोक दचकला.
"तू नव्हे रे. ज्याचं नाव ठाऊक नाही
त्याला कोर्टात हेच नाव लावतात."
वय अज्ञात. धंदा अज्ञात. राहणार अज्ञात.
इतका सोपा माणूस मी आजवर टाइप केला नव्हता.

तारखा पडत गेल्या.
बाई दर वेळी पर्समधून एक यादी काढायच्या.
आधी चार नावं होती, श्रावणापर्यंत अकरा.
काढून टाकलेला मदतनीस, नणंदेचा जावई,
वरच्या मजल्यावरच्या दाबकेबाई,
ज्या लिफ्टमध्ये एकदा हसल्या नाहीत.
"ह्या अकरांशी मी बोलणं सोडलंय."
"बारावा मी नाही ना?" मी थट्टेत म्हटलं.
त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही.
सातपूरला कामाला होतो तेव्हा
बॉयलरचा व्हॉल्व्ह तारेने बांधून चालवायचे.
मी पोस्टकार्ड लिहिलं, डाव्या हाताने,
नाशिकरोडच्या पेटीत जाऊन टाकलं.
खाली, 'एक कामगार'.
तपासणीला साहेब आले, व्हॉल्व्ह बदलला.
मालकाने महिनाभर एकेकाचं अक्षर ताडून पाहिलं,
सगळ्यांचं उजव्या हाताचं.

म्हणून 'ओळख उघड करण्याचा हुकूम व्हावा'
हे टाइप करताना डावा हात मागे राहिला.
खोटं वेगळं, खरं वेगळं, मलाही कळतं.
पण कोर्टाला ते कळेपर्यंत
नाव बाहेर आलेलं असतं.

कार्तिकात हुकूम झाला.
कंपनीने आकडे दिले, आकड्यांवरून सिमकार्ड,
सिमकार्डावरून माणूस.
प्रशील कोठुळे, वय चोवीस, पवननगर, सिडको.
बाईंनी यादी काढली. वरून खाली, खालून वर.
"कोण हा?"
वकिलांनी विचारलं, तुमचा पेशंट होता का,
घरातलं कुणी आलं होतं का?
"रजिस्टर बघते," म्हणाल्या.
पाहिलं की नाही, मला कळलं नाही.

मी दावा दुरुस्त केला.
अशोक कुमार शोधा, प्रशील कोठुळे घाला.
चौतीस ठिकाणी बदललं, एका दमात.
"सुटलो," टपरीवरून अशोक म्हणाला
आणि त्या दिवशी चहाचे पैसे घेतले नाहीत.

बाई उठल्या नाहीत.
यादीची घडी घातली, पुन्हा उघडली.
"ह्या अकरांना काय लिहून द्यायचं असतं हो?"

वचनचिठ्ठी, भाडेकरार, नाव बदलल्याचं प्रतिज्ञापत्र,
सगळ्याचे नमुने माझ्याकडे आहेत.
मी खालचा खण उघडून
उगाच शोधल्यासारखं केलं.