ओलिएनेन

पोर्ट हारकोर्ट. वीज दोनदा गेली,
जनरेटर खोकला.
तिसऱ्या खेपेला कागदावर रेघ चढली :
होपेनच्या उंच सुळक्याआधी
एक ठेंगणा खांदा.
दाबोता म्हणाली, "फूल."

कोट्यवधी वर्षांमागं कुठलंसं झाड फुललं,
पानं नदीनं नेली, गाळानं दाबली,
खडकानं मंद आचेवर शिजवली;
तेल झालं, घर सोडून वर आलं,
पण आईचं नाक घेऊन.

बाटलीवर चिकटपट्टी, बापाचं अक्षर :
'खाडी, आपला धक्का, मंगळवार.'
कंपनी म्हणते, आमचं नव्हे.

तिनं सतरा नंबरच्या विहिरीची रेघ
तिच्यावर ठेवली, खिडकीशी धरली.
खांद्याला खांदा.

मग हात धुतले. फोन लावला.
तो जाळं रॉकेलनं पुसत होता.