आधी अरुंद कर

टॉवरखालच्या खोलीत राऊटर. वर पालीची दोन अंडी.
एकच इंटरफेस, शून्य-शून्य,
त्याचे तीन सबइंटरफेस:
दहा म्हणजे खैरीटोला, वीस मोहटोला,
तीस तलावापलीकडची वस्ती.

काल शहारे सिस्टरचा फोन,
"डॉक्टर बोलते ते मले अर्धंच आयकू येते, बाई.
बाळंतीण पडून हाय, अन् आवाज असा
वल्या मुरमुऱ्यावानी."
खैरीटोल्यात त्याच वेळी
अकरा जण शंकरपटाचा व्हिडिओ बघत होते.

म्हणून मी धोरण लिहिलं.
आवाज आधी. मग रेशनच्या मशीनवरचे अंगठे.
मग शाळा. बाकीचं बाकी.
दहावर लावलं, जाणाऱ्या बाजूनं.
येणाऱ्याला रांगेत उभं करता येत नाही,
तो आलेलाच असतो.

काही झालं नाही.
रांग शून्य. गळती शून्य.
सिस्टर म्हणाली, "तसंच हाय."

दुपारभर त्या शून्यांकडे बघत बसले.
इथून निघणारी वाट शंभराची, ऐसपैस,
पहाडीवरच्या डिशला मात्र चारच झेपतात.
गर्दी तिकडे, सागांत, माझ्या नजरेबाहेर.
आणि ज्याच्या दारात रांगच नाही
तो पुढे कुणाला घेणार?

तलावाचं तुडुम आठवलं.
सताड उघडलं की कुणाचीच पाळी नसते.
वरच्या बांध्या पितात, शेपटाकडची भेगाळते.
डोमा लांजेवार आधी आडवी फळी टाकायचा,
वही नंतर काढायचा.

मग वर आणखी एक धोरण: चारच सोड.
पहिलं त्याच्या पोटात.
एंटर.

आकडे हलले. रांग लागली.
रांग बघून इतका आनंद
मला रॉकेलच्या दिवसांतही झाला नव्हता.
"आता डॉक्टरचा दमही आयकू येते," सिस्टर म्हणाली.

शेवटच्या वर्गाला नाव नसतं, नुसतं डिफॉल्ट.
ज्यांच्यासाठी मी एकही ओळ लिहिली नाही
ते सगळे त्यात.
शंकरपट त्यात, बैल धुरळ्यात थबकलेले.
रात्री नऊला खैरीटोल्यातून येणारा
आईचा व्हिडिओ कॉल, तोही.

सुपारी कातरताना तिचा चेहरा थांबला,
अडकित्ता अर्धा मिटलेला.
"दिसते काय वो मी?" उशिरानं आलं.
दिसतेस, म्हटलं.

एका ओळीचं काम. पासवर्ड मलाच माहीत.
मी बसून राहिले
अडकित्ता मिटायची वाट बघत.