बाकी

मुहूर्त बारा पस्तीसचा, लागतं दीडला.
कार्ड भरलेलं;
हळदीतले कुठले फोटो उडवायचे
ते मंचरच्या कार्यालयात
स्टेजमागे उकिडवा बसून ठरवतो.

अक्षता लेन्सवर, समोर चाळीस मोबाईल.
मला मिळतात मामांच्या पाठी.
एक काका हमखास सांगतात, लाईट इकडून घे.

टेमगिरे आण्णांनी विसार दिला होता पाच हजार.
बाकी अल्बम नेताना, म्हणाले.
अल्बम तीन वर्षं कपाटात,
वर डांबरगोळी.

परवा त्यांचा धाकटा आला.
दशक्रियेला लागतो, म्हणाला, बारा बाय अठरा.
घरात नाही एकही.

अकराशे फोटोंत आण्णा सात ठिकाणी.
खुर्च्या उचलताना, आचाऱ्याशी हुज्जत घालताना,
पाठमोरे, अर्धे.
कॅमेरा वळला की, आधी पाहुण्यांचा घे.
एका ग्रुपमध्ये कडेला
तेवढे हललेले नाहीत.

कापले. मंडप पुसला, निळा पडदा टाकला.
खांद्यावर मात्र एक हात उरला,
हिरवा चुडा, मेंदी कोपरापर्यंत.
रात्री दोनपर्यंत माऊस फिरवला.
चुडा गेला, बोटं जाईनात.
पुसली की खांदाच खोटा वाटे.

दिली फ्रेम तशीच.
धाकटा बराच वेळ
त्या चार बोटांकडे बघत राहिला.
मग खिशात हात घालून म्हणाला,
मागची बाकी किती होती?

सांगितली.
लेन्सचा हप्ता पाच तारखेला जातो.