पंचवीस नावे

पंचवीस जण असाल तर तिकीट अर्धे,
असे म्युझियमच्या बाई फोनवर म्हणाल्या,
आणि आम्ही तेवीस,
तेही गुळवणे वहिनींचा गुडघा धरून.

देवासहून इंदूर. सकाळी जायचे, दिवेलागणीला परत.
प्रदर्शन हेरगिरीचे.
विजेच्या बिलाच्या पाठीवर मी यादी केली:
कुणाला खिडकी, कुणाला बिनसाखरेचा चहा,
कोण कोणाशेजारी बसणार नाही, आणि का.
ते ‘का’ वेगळ्या कागदावर लिहिले
आणि कागद तुरीच्या डाळीत पुरला.

रात्री साडेदहाला दोन माणसे जन्माला घातली.
विमल त्र्यंबक ओक, वय एकाहत्तर.
दिगंबर ओक, तिचा दीर.
एकट्या बाईला कसे पाठवायचे, म्हणून.

आमच्या गावाला यात नवे काही नाही.
रस्त्याच्या अलीकडे थोरली पाती, पलीकडे धाकटी,
दोन राजे, दोन दरबार, मध्ये एक रस्ता.
सासरे म्हणत, हेर कशाला लागतोय,
खिडक्या समोरासमोर होत्या.

क्षिप्रेच्या पुलावर बसमध्ये सगळ्यांनी हात जोडले.
बिडवई काकांचे हात रिकामे नव्हते.
ते वर्गणी मोजत होते,
एकेक नोट उजेडाकडे धरून, डोळा बारीक करून.
एकतीस वर्षे नोटांच्या छापखान्यात काढली.
आपलीच नोट आहे काका, म्हटले.
ते म्हणाले, म्हणून तर.

म्युझियमच्या दारात स्टुलावर एक पोरगा,
हातात ती झडतीची दांडी.
तो उठायच्या आत
काकांनी चपला काढल्या, पाय फाकवले,
आणि दोन्ही हात वर केले.
पोरगा ओशाळला. “रहने दीजिए, बाबूजी.”
काकांचे हात वरच.
रोज संध्याकाळी, घरी जाण्याआधी,
एकतीस वर्षे.
मुलीच्या लग्नादिवशी अर्धी पाळी करून निघाले,
तेव्हाही.
शेवटी पोरग्याने दांडी त्यांच्या अंगावरून फिरवली, हळूच,
दृष्ट काढावी तशी.
मग हात खाली आले.

आत पोकळ नाणे होते, बुटाच्या टाचेत किल्ली,
लिंबाच्या रसाने लिहिलेले पत्र.
एवढे लिंबू वाया, वहिनी म्हणाल्या.
खोट्या ओळखपत्रांच्या कपाटापाशी माझे पाय अडकले.
फोटोतली माणसे अगदी साधी,
रेशनच्या रांगेत आपल्यापुढे असतात तशी.
त्यातल्या एकीने परक्या नावाने
बावीस वर्षे शिवणाचे दुकान चालवले,
असे पाटीवर होते.
शेजारणींची तुटलेली बटणे
ती फुकट लावून द्यायची का,
ते पाटीवर नव्हते.

परतीला बस छप्पन दुकानच्या कोपऱ्यावर उभी.
हातात बिल घेऊन मी हजेरी सुरू केली.
चौतीस वर्षे शाळेत हेच केले आहे,
जीभ आपोआप चालते.
झोकरकर. हजर. मुंगी. हजर. तांबट दोघे. हजर, हजर.
विमल ओक.

जीभ चावली, पण नाव बाहेर पडले होते.
पंख्याची घरघर तेवढी.
मग मागच्या बाकांवरून, बारीक आवाजात:
“हजर.”

प्रॉक्सी मला झोपेतही ओळखू येते.
अशा वेळी मान वर करायची नसते,
नोकरीत एवढे शिकले.
खूण केली. आता थांबणे बरे दिसले नसते.
दिगंबर ओक?

कुणी बोलले नाही.
ड्रायव्हर भेरूलालने गिअर टाकला.
“अहो, थांबवा,” तोच आवाज,
“भावजी कचोरीच्या रांगेत आहेत.”

भेरूलाल काहीतरी पुटपुटला आणि इंजिन बंद केले.
काचा सरकल्या.
रांग लांब होती, दिवे लागत होते,
पांढऱ्या सदऱ्याचे म्हातारे येत होते, जात होते.
बिडवई काकांनी चष्मा पुसून पुन्हा लावला
आणि एकेकाला नीट निरखू लागले.
दहा मिनिटे झाली असतील.
गुळवणे वहिनी गुडघा चोळत म्हणाल्या,
त्यांचे नेहमीचेच आहे.