पाऊणपट

ईरी गावात सरोवर गोठलं
की माणसांची कामं तळघरात उतरतात.
वेंडेलच्या तळघरात अकरा यंत्रं उभी,
जत्रा उठून गेली तरी परत न गेलेली,
आणि मी त्यांचा वैद्य. ताशी चाळीस डॉलर, कॉफी वरून.

हे पाचवं, भुयारांच्या खेळाचं.
एक्याऐंशी सालची पेटी. बोलिंगचा अड्डा पाडायच्या आदल्या रात्री
पिकअपमध्ये, तीन ब्लँकेटांत गुंडाळून आणलेली.
कडेला सिगारेटी विझवल्याचे नऊ डाग.
घासून काढू का, विचारलं.
हात लावून तर बघ, म्हणाला.
पडदा बंद असला तरी भुयारं दिसतात:
एकच चित्र वर्षानुवर्षं जळत राहिलं
आणि काचेला आतून त्याचा वण पडला.

नाणं कसं पडावं तेही त्यानेच शिकवलं.
आधी खट्. मग घरंगळ.
मग पोटात खोल कुठेतरी ठण्ण.
वाजवून घे, म्हणायचा, इथं सगळं वाजवूनच घ्यायचं.

डब्याच्या तळाशी आज एक पावली सापडली,
पाव डॉलरची, एका अंगाला लाल नेलपॉलिश फासलेली.
ही अड्डेवाल्याची खूण:
यंत्र तपासायला घरची नाणी टाकायची
आणि हिशेबाच्या दिवशी लाल तेवढी वेचून परत घ्यायची.
ही एक वेचायची राहिली.

आणि जिन्याखाली, चादरीआड, ते.
मोठ्या दुकानातून खोक्यात आलेलं,
तीनशे डॉलर, स्क्रू सोबत.
दाबलेल्या भुशाच्या फळ्या, वर चित्रं चिकटवलेली.
एक खेळ मागा, आत बारा.
नाण्याची फट नुसती छापलेली.
उंची पाऊणपट,
एकाला पावच कमी.

मी हसलो. आमच्या धंद्यात हसतातच.
बंदा रुपया घरात असताना हे कुणी आणलं?
वेंडेलने सोल्डरिंगचं तापलेलं टोक ओल्या स्पंजवर पुसलं.
मी, म्हणाला.

डॉट शेवटची चार वर्षं चाकाच्या खुर्चीत होती.
खऱ्या यंत्राशी खुर्ची लावली
तर तिच्यासमोर नाण्यांचा दरवाजा
आणि माझे गुडघे.
एकदा उचलून धरलं तिला. दोन मिनिटं.
मग माझी पाठ गेली, दोघंही खाली,
आणि ती माझ्या छातीवर पडून हसत सुटली,
वर डाव चालूच.
दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो.
ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून सकाळी आठला.

एवढं तो सलग कधी बोलत नाही.

खरी पेटी विसराळू.
वीज गेली की यादी कोरी,
रोज सकाळी तिच्या लेखी
कुणी कधी खेळलेलंच नसतं.
या भुश्याच्या पोराला मात्र सगळं पाठ.
वेंडेलने चादर ओढली, प्लग लावला.
यादीत दहा जागा, नावाला तीनच अक्षरं,
आणि तिचं नावही नेमकं तेवढंच.
डी ओ टी.
डी ओ टी.
डी ओ टी.
सातव्या जागेवर एकदाच तो,
बाकी वरपासून खालपर्यंत ती.

एक डाव टाकू?
टाक, म्हणाला. पण चौदा हजारांच्या आत हरायचं.
दहावी जागा चौदा हजारांची आहे.

मी गुडघे टेकले, तेव्हा कुठे पडदा डोळ्यांसमोर आला.
बटणं हलकी, जॉयस्टिक खेळण्यातली,
आवाज डबा बडवल्यासारखा.
मला वाटलं होतं हरणं सोपं जाईल.
साडेतेरा हजारांवर भिंतीत घुसलो, घाम फुटलेला.

वेंडेलने ती लाल पावली
पडद्याखालच्या चिंचोळ्या कडेवर ठेवली,
अड्ड्यावर पोरं ठेवायची तशी,
पुढचा डाव आपला म्हणून.
नाणं तिथं राहीना, दोनदा घसरलं.
तिसऱ्यांदा त्याने बोट लावून धरलं
आणि तसाच उभा राहिला.

वर कॉफी उतू जाऊन करपल्याचा वास आला.
कुणीच उठलं नाही.